कारण न सांगणारा सिनेमा

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत कॅमेरा लावायचा आहे, असं समजा. दुपारची वेळ. एक कारागीर मांडी घालून बसलाय, पुढ्यात तांब्याचं घंगाळ आहे आणि त्यावर मठारकाम चाललंय. हातोडीचे घाव एका ओळीत, सारख्या अंतरावर, सारख्याच वजनाने पडताहेत आणि तांब्यावर चकचकीत खळग्यांची रांग उमटत चालली आहे. ठोक्यांचा आवाज आळीच्या तोंडापर्यंत येतोय.

आता या दृश्यात काहीतरी अशक्य घडवायचं आहे. एक तऱ्हा अशी: घाव घालता घालता कारागीर डोळे मिटतो, टाळमृदंग सुरू होतात आणि रिकामं घंगाळ आपोआप पाण्याने भरतं. समोरची म्हातारी हात जोडते. हा झाला चमत्कार. दुसरी तऱ्हा: कारागिराला डुलकी लागते, पडद्यावर धूर पसरतो, घंगाळाचा चंद्र होऊन तो वर तरंगायला लागतो, कारागीर त्याच्यामागे धावतो आणि दचकून जागा होतो. हे झालं स्वप्नदृश्य.

तिसरी तऱ्हा पाहा. हातोडी पडते, पण आवाज येत नाही. कारागिराला त्याचं काहीच वाटत नाही. पुढचं दृश्य एका बँकेतलं. रांगेत माणसं उभी आहेत आणि तांबट आळीतले ते ठोके तिथे ऐकू येताहेत. कोणी मान वर करत नाही. परत आळी. गिऱ्हाईक येतं. घंगाळात एक कोंबडी बसली आहे.

‘‘काका, किती द्यायचे?’’

‘‘साडेचार हजार.’’

‘‘चार घ्या.’’

घासाघीस होते, पैसे मोजले जातात आणि गिऱ्हाईक कोंबडीसकट घंगाळ उचलून चालू लागतं. पडद्यावर अक्षरं येतात: ‘दोन वर्षांनंतर’. तोच कारागीर, तोच सदरा, तेच घंगाळ. हवेत अर्ध्यावर असलेली हातोडी आता खाली येते.

अतिवास्तववादी सिनेमा या तिसऱ्या तऱ्हेचा असतो. पहिल्या दोन्हींतही अशक्य गोष्टी घडल्या, पण त्यांचं कारण आपल्या हातात दिलं गेलं. एकीकडे देव होता, दुसरीकडे झोप होती. तिसरीकडे कोणीच जबाबदारी घेतली नाही. शिवाय तिथे धूर नव्हता, व्हायोलिन नव्हतं, कॅमेरा हलला नाही, कोणी डोळे विस्फारले नाहीत. किमतीवरून घासाघीसही रोजच्यासारखीच झाली. या सिनेमाची जी काही वळणं आणि रीतीभाती आहेत, त्या सगळ्या या एका संयमातून निघतात असं मला वाटतं. विचित्र दिसणं ही त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे.

आंद्रे ब्रेतों याने 1924 साली पॅरिसमध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला. पहिल्या महायुद्धाने शहाणपणाच्या नावाखाली काय होऊ शकतं ते दाखवलं होतं आणि फ्रॉइडने मनाच्या तळघराचं दार उघडलं होतं. तर्काचा पहारा उठवला तर मन काय बोलेल, हे या मंडळींना ऐकायचं होतं. सिनेमा त्यांना फार जवळचा वाटला, कारण काळोखात बसून आपल्या इच्छेविना समोर येणारी चित्रं पाहणं हे स्वप्नाच्या खूप जवळ जातं. जर्मेन द्युलाक या दिग्दर्शिकेने आंतोनँ आर्तोच्या पटकथेवरून 1928 मध्ये ‘द सीशेल अँड द क्लर्जीमन’ केला. पुढच्याच वर्षी, 1929 मध्ये, लुई बुन्युएल आणि साल्वादोर दाली या दोन तरुण स्पॅनिश मित्रांचा ‘अँ शियाँ आंदालू’ आला. लांबी जेमतेम पाव तासाची आणि पैसे बुन्युएलच्या आईचे.

त्याची सुरुवात दोन स्वप्नांतून झाली. चंद्रावरून ढगाची पट्टी सरकावी तसा डोळ्यावरून वस्तरा फिरतो, असं बुन्युएलला दिसलं होतं. दालीला तळहातातून मुंग्या बाहेर येताना दिसल्या होत्या. दोघांनी आठवड्याभरात पटकथा लिहून काढली आणि लिहिताना एकच नियम पाळला: ज्याचं तर्काने स्पष्टीकरण देता येईल अशी कल्पना किंवा प्रतिमा घ्यायची नाही. एकाने सुचवायचं, दुसऱ्याला त्यात अर्थाचा वास आला की ते बाद. आपण समजतो त्याच्या हे अगदी उलट आहे. ‘डोक्यात येईल ते’ घेतलं की बहुतेक वेळा शिळं रूपकच येतं: पिंजऱ्यातला पक्षी, विझलेली पणती, वाळूचं घड्याळ. ते सगळं काढून टाकून जे उरतं ते शोधायला शिस्त लागते.

सिनेमाच्या सुरुवातीलाच एक माणूस वस्तऱ्याला धार लावतो. हा खुद्द बुन्युएल. गच्चीत येऊन तो चंद्राकडे पाहतो. मग एका बाईचा डोळा, त्याच्याकडे येणारा वस्तरा, चंद्रावरून सरकणारा ढग, आणि चिरला जाणारा डोळा. प्रत्यक्षात तो वासराचा होता. शंभर वर्षं होत आली तरी हे दृश्य पाहताना माणसं मान फिरवतात. त्याचा परिणाम रक्तामुळे होत नाही. वस्तरा परजण्यापासून ढगापर्यंत सगळं इतक्या साध्या, स्वच्छ उजेडात दाखवलंय की ‘हे खरं नाही’ असं म्हणायला कुठे फटच सापडत नाही.

इथे पुण्याचा एक डोळा आठवतो. कोल्हापुरातून पुण्यात आल्यावर प्रभात फिल्म कंपनीने केलेला पहिला बोलपट म्हणजे 1934 चा ‘अमृतमंथन’. व्ही. शांताराम नुकतेच जर्मनीला जाऊन आले होते. या चित्रपटात त्यांनी टेलिफोटो लेन्सने राजगुरूचा एकच डोळा पडदाभर दाखवला. हिंदी आवृत्तीत राजगुरू झालेल्या चंद्रमोहन यांना तर त्या डोळ्यांनीच नाव मिळवून दिलं. पॅरिसचा डोळा 1929 चा, पुण्याचा 1934 चा, म्हणजे मध्ये पाच वर्षं. पण दोघांचं काम निराळं आहे. राजगुरूचा डोळा धर्मांध सत्तेचा आहे. त्यात क्रोध आहे, पाहणाऱ्याला तो लगेच वाचता येतो. आतल्या भावनेला बाहेर आकार देणारी ही अभिव्यक्तिवादाची रीत. बुन्युएलचा डोळा कशाचंच चिन्ह नाही. तो आपलाच डोळा असावा अशी शंका तेवढी येते.

महाराष्ट्रात या सिनेमाची साधनं फार लवकर आली होती. दादासाहेब फाळके ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने जादूचे प्रयोग करत, आडनाव उलटं फिरवून. कॅमेरा थांबवून माणूस गायब करणं, एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करणं त्यांच्या हातचा मळ होता. ‘श्रीकृष्णजन्म’ (1918) या त्यांच्या मूकपटाचा जो भाग शिल्लक आहे त्यात कंसाचं मुंडकं धडावेगळं होऊन वर जातं आणि पुन्हा जागेवर येऊन बसतं. एवढं एकच दृश्य कापून 1930 च्या पॅरिसमध्ये दाखवलं असतं तर ब्रेतोंच्या टोळक्याने टाळ्या पिटल्या असत्या. आपल्याला मात्र ते मुळीच कोड्यात टाकत नाही, कारण कंसाला कृष्णाची भीती आहे हे आपण जन्मापासून ऐकत आलोय. फाळक्यांच्या ‘आगकाड्यांची मौज’ या छोट्या चित्रपटात काड्यापेटीतल्या काड्या पडद्यावर आपल्या आपण खेळतात. त्यात ना देव ना भीती. अतिवास्तववादाच्या जवळ फाळके कुठे गेले असतील तर कृष्णापेक्षा या काड्यांमध्ये. चेक दिग्दर्शक यान श्वांकमायरने पुढे आयुष्यभर हेच केलं: चमचे, बूट, मातीची डोकी जिवंत केली आणि कशासाठी ते सांगितलं नाही.

प्रभातचा ‘संत तुकाराम’ (1936) मला अतिशय प्रिय आहे आणि त्यातल्या चमत्कारांना कमी लेखावं असं मला मुळीच वाटत नाही. दामले-फत्तेलालांनी तुकोबांचं वैकुंठगमनही देहूच्या मातीला धरून दाखवलं. विमान येतं तेव्हाही आवली आपल्या संसारातच असते. पण तिथलं अद्भुत श्रद्धेच्या भक्कम भिंतीला टेकलेलं आहे. राज कपूर यांच्या ‘आवारा’तलं (1951) प्रसिद्ध स्वप्न झोपेला टेकलेलं आहे. कलादिग्दर्शक एम. आर. आचरेकर यांनी उभारलेले ते जिने, त्या मूर्ती आणि पायाशी लोटणारे ढग पाहताक्षणी आपल्याला कळतं की हे स्वप्न आहे. पडद्यावर स्वप्न म्हणजे धूर हा संकेत आपल्याकडे इतका घट्ट बसला की आजही पुण्यातल्या लघुपटांत कोणाला काही ‘सर्रिअल’ करायचं असलं की आधी धुराचं यंत्र भाड्याने आणतात. हिचकॉकने ‘स्पेलबाउंड’साठी (1945) दालीला बोलावलं ते नेमकं याच्या विरुद्ध कारणाने. त्याला स्वप्न धूसर नको होतं, उन्हातल्या सावल्यांसारखं कडक हवं होतं. स्वप्न पडत असताना आपल्याला कुठे धुकं दिसतं? आजी वारून वीस वर्षं झालेली असतात आणि ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना दिसते; परातीतलं पीठसुद्धा स्पष्ट दिसतं. ती इथे कशी, हा प्रश्न जागं झाल्यावर पडतो.

गणेशोत्सवात पेठांमधून फिरणाऱ्याला अशक्याची सवय असते. मानाचा पहिला गणपती ज्या पेठेत बसतो तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर दहा दिवस गुहा, महाल, पाताळ उभं राहतं, राक्षसाचे हात वरखाली होतात. पण प्रत्येक हलत्या देखाव्याबरोबर एक खणखणीत निवेदन वाजत असतं आणि प्रसंग कोणता, बोध काय, हे सगळं सांगून मोकळं होतं. अतिवास्तववादी सिनेमा म्हणजे निवेदन बंद ठेवलेला देखावा. हात वरखाली होतच राहतात, आणि बघणाऱ्याला त्या हातांकडे पहिल्यांदा नीट बघावं लागतं.

निवेदन बंद ठेवायचं म्हणजे नुसतं गप्प बसून चालत नाही. प्रेक्षक स्वतःच निवेदन रचत असतो. दोन दृश्यं एकापुढे एक ठेवली की तो मध्ये ‘म्हणून’ घालतो. त्या ‘म्हणून’ला चकवण्यासाठी या दिग्दर्शकांनी काही युक्त्या वापरल्या आणि त्या आज रूढ झाल्या आहेत.

काळाची पाटी त्यातली एक. ‘अँ शियाँ आंदालू’त ‘एकदा काय झालं’, ‘आठ वर्षांनंतर’, ‘पहाटे तीनच्या सुमारास’, ‘सोळा वर्षांपूर्वी’ अशा पाट्या येतात. पाटीवर आपला कोण विश्वास! ती खोटं बोलेल असं आपल्या मनातही येत नाही. इथे सोळा वर्षं मागे जाऊनही खोली तीच आणि चाललेली गोष्टही तीच.

जागेचं तसंच. त्याच सिनेमात वरच्या मजल्यावरच्या खोलीतून बाई दार उघडून बाहेर पडते ती थेट समुद्रकिनाऱ्यावर. कसब्यातल्या वाड्याचा दिंडी दरवाजा ओलांडावा आणि पाऊल हरिहरेश्वरच्या पुळणीवर पडावं, तसं. यात खुबी अशी की जोड अत्यंत काटेकोर असते. दाराबाहेर पडण्याचा वेग, अंगाची दिशा, नजर, सगळं जुळतं. जुळत नाही ती फक्त जागा. माया डेरेनने ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’मध्ये (1943) हे काम फार देखण्या रीतीने केलं. हातात सुरी घेऊन ती चालत येते: एक पाऊल वाळूत, एक गवतात, एक फरसबंदीवर आणि एक घरातल्या गालिच्यावर. चाल एका माणसाची, सलग. संकलन शिकणाऱ्याने ही पावलं पुन्हा पुन्हा पाहावीत. सरळ गोष्ट सांगताना जोड नीट जमावी म्हणून जे नियम शिकवतात तेच नियम इथे अक्षरशः पाळलेत, आणि त्याच नियमांनी जमीन पायाखालून काढून घेतली आहे.

वस्तू साध्याच असतात, फक्त जागा चुकलेली असते. ‘लाज द’ओर’ (1930) मध्ये श्रीमंत घरातल्या पलंगावर गाय बसलेली आहे. मालकीण तिला मांजराला हुसकावं तसं हुसकावते. एका भूमिकेला एकच चेहरा असतो ही समजूतही बुन्युएलने 1977 च्या ‘दॅट ऑब्स्क्युअर ऑब्जेक्ट ऑफ डिझायर’मध्ये मोडली. एकच नायिका दोन नट्यांनी केली आहे, त्या मधूनमधून बदलतात, आणि तिच्यावर भाळलेल्या प्रौढ गृहस्थाच्या ते लक्षातही येत नाही. आवाजाचंही असंच, ‘अँ शियाँ आंदालू’च्या पहिल्या खेळाला बुन्युएल पडद्यामागे ग्रामोफोन घेऊन बसला होता आणि वॅग्नर व टँगोच्या तबकड्या आलटून पालटून लावत होता. लोक चिडलेच तर मारायला खिशात दगडही भरून आणले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दगडांची वेळ पुढच्या सिनेमाला आली, आणि हल्ला प्रेक्षकांकडून झाला. ‘लाज द’ओर’ने चर्च, लष्कर, सभ्य कुटुंब सगळ्यांनाच हात घातला होता. 3 डिसेंबर 1930 रोजी उजव्या संघटनांच्या लोकांनी पॅरिसच्या ‘स्टुडिओ 28’मध्ये घुसून पडद्यावर शाई फेकली, दालनात लावलेली चित्रं फाडली. थोड्याच दिवसांत सिनेमावर बंदी आली. या शैलीचा हा भाग आज लोक विसरतात. जाहिरातींनी आणि गाण्यांच्या व्हिडिओंनी तिची नवलाई उचलली, डंख टाकून दिला. बुन्युएल म्हातारपणीही डंख विसरला नाही. ‘द एक्स्टर्मिनेटिंग एंजल’मध्ये (1962) मेजवानीला आलेल्या प्रतिष्ठितांना खोलीबाहेर पडता येत नाही, दार उघडं आहे, कोणी अडवलेलं नाही, तरी नाही. ऑस्कर मिळालेल्या ‘द डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्झ्वाझी’मध्ये (1972) सहा सभ्य माणसं जेवायला बसू पाहतात आणि अखेरपर्यंत त्यांचं जेवण काही होत नाही. सभ्यता हीच एक न तुटणारी सवय आहे, असं न बोलता सांगणारे हे सिनेमे आहेत.

त्याच 1972 च्या 16 डिसेंबरला पुण्यात विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, संगीत भास्कर चंदावरकर यांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. हे नाटक पेशवाईतल्या पुण्याचं आहे, म्हणजे कसब्याला लागून असलेल्या शनिवारवाड्याच्या छायेतलं. त्यात ब्राह्मणांची एक रांग आहे. पाठ केली की ती भिंत होते, तोंड फिरवलं की माणसं. भिंतीआड जे चालतं ते भिंतीलाच माहीत असतं. माणसं भिंत का होतात याचं कारण नाटक देत नाही. आणि त्या गावात माणसांची भिंत होते हे पाहणाऱ्याला आपोआप पटत जातं. नाटकावर वादळ उठलं, 19 प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबवलं आणि कलावंतांनी थिएटर अकॅडमी स्थापून ते पुन्हा उभं केलं. ‘घाशीराम’ला मी अतिवास्तववादी म्हणणार नाही, त्याची मुळं दशावतार, खेळे, तमाशा आणि कीर्तनात आहेत. पण कारण न देण्याचं धैर्य आणि सभ्यांना लागणारा डंख, या दोन गोष्टी त्याच्यात पुरेपूर आहेत.

पुणे आणि अतिवास्तववादी सिनेमा यांच्यातला खरा दुवा इथेच सापडतो. प्रभातच्या जागेवर 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं, आणि बुन्युएलपासून हंगेरीच्या यांचोपर्यंत सगळे मुठेकाठी पाहायला मिळू लागले. इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त फिल्म को-ऑपरेटिव्ह’ काढली आणि 1976 मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ चित्रपट केला. पटकथा तेंडुलकरांचीच. नाना फडणवीस मोहन आगाशे, घाशीराम ओम पुरी. दिग्दर्शक म्हणून नावं चार: मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप. नाटकाची फिल्म उतरवून घेणं त्यांनी टाळलं. घटना सांगण्यापेक्षा त्यांना सत्तेची हालचाल दाखवायची होती, म्हणून कॅमेरा लांबलचक सलग चित्रणात माणसांच्या घोळक्यांभोवती फिरतो आणि इतिहास एखाद्या विधीसारखा समोर घडतो. मराठी प्रेक्षकाला हा चित्रपट जवळजवळ दिसलाच नाही. बर्लिनच्या ‘आर्सेनाल’ संस्थेत राहिलेल्या प्रतीवरून तो अनेक वर्षांनी पुन्हा लोकांसमोर आला, ही आपल्याला लागावी अशी गोष्ट आहे.

त्या चौघांतल्या कमल स्वरूप यांनी पुढे 1988 मध्ये ‘ओम-दर-ब-दर’ केला. भारतीय अतिवास्तववादी चित्रपट म्हणून एकच नाव घ्यायचं तर हे. गोष्ट अजमेर-पुष्करकडची. ओम नावाचा मुलगा बराच वेळ श्वास रोखून धरू शकतो. त्याचे वडील सरकारी नोकरी सोडून ज्योतिषी झालेत. पुढे हिरे येतात, ते गिळणारे बेडूक येतात, टूथपेस्टची जाहिरात पुराणकथेत शिरते, माणसं विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातली वाक्यं प्रेमाच्या सुरात बोलतात. स्वरूप यांनी पॅरिसहून काही उसनं आणलं नाही. लहान गावातला शाळकरी मुलगा साठ-सत्तरच्या दशकांत एकाच दिवशी जे ऐकतो ते सगळं, म्हणजे रेडिओ, आरती, जीवशास्त्र, भविष्य, सिनेमाची गाणी, त्यांनी एकाच पातळीवर ठेवलं आणि कोणतं महत्त्वाचं ते सांगितलं नाही. आपल्या डोक्यात ते असंच साठलेलं असतं. चित्रपटाला समीक्षकांचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, पण चित्रपटगृहात तो लागला 2014 च्या जानेवारीत, सव्वीस वर्षांनी. नंतर हेच स्वरूप वर्षानुवर्षं फाळक्यांच्या मागे लागले आणि फाळक्यांच्या काशीतल्या दिवसांवर त्यांनी ‘रंगभूमी’ हा माहितीपट केला. धडावेगळं मुंडकं उडवणाऱ्या ‘केल्फा’कडे त्यांनी वळणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

‘ओम-दर-ब-दर’ पहिल्यांदा पाहताना अर्थ लावत बसलं की पंधराव्या मिनिटाला दमायला होतं. त्यापेक्षा एखादी वस्तू धरावी, उदाहरणार्थ बेडूक, आणि तो कुठे कुठे, कोणाच्या हातात, कोणत्या आवाजाबरोबर येतो एवढंच पाहावं. बुन्युएलमध्ये दारं आणि जेवणाची टेबलं धरावीत, डेरेनमध्ये किल्ली आणि सुरी. आणि ज्याला स्वतःच असा सिनेमा करून पाहायचा असेल त्याने धुराचं यंत्र परत करून भर दुपारी तांबट आळीत जावं, कारागिराची परवानगी घ्यावी, त्याचं काम आधी नीट, खरं, सगळ्या बारकाव्यांसह चित्रित करावं. कोंबडी शेवटी आणावी.